अम्मीचे कार्ड

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे म्हणतात. आमच्या सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी अशा चार भाषा चालतात आणि चारही भाषांतल्या माणसांना ही म्हण पाठ आहे. म्हण खोटी नाही. कोर्टात वेळ जातो, पैसा जातो, माणसे तुटतात. पण ही म्हण नेमकी कुणाच्या सोयीची, हा प्रश्न आम्हाला २००९ साली पडला. मालकाला ही म्हण कुणी ऐकवत नाही. त्याचा वकील ठरलेला असतो. ऐकवली जाते ती मजुराला. त्यातही मजूर बाई असेल, आणि ती बुरखा घालून कोर्टाच्या आवारात उभी राहणार असेल, तर दहा जण येऊन ऐकवतात.

आम्ही तीन भावंडे. थोरला पॉवरलूमवर चादरी विणणारा, मधली उर्दू प्राथमिक शाळेत शिकवणारी आणि धाकटा त्या वेळी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. घर शास्त्रीनगरात, दीड खोलीचे. अब्बांचा इंतकाल होऊन सात वर्षे झाली होती. अम्मी विड्या वळायची. डिसेंबर २००८ मध्ये तिने वळणे थांबवले. डोळ्यांना दोरा दिसेना आणि कंबर जमिनीवर बसू देईना. कारखान्याने तिला ग्रॅच्युइटी द्यायला नकार दिला. वकील लावायचा की नाही, यावर आमच्या घरात पुढचे तीन महिने जे चालले, त्याची ही हकिकत. हकिकत एका घराची असली तरी आमच्या समाजातल्या हजारो घरांना ती लागू पडते, म्हणून लिहीत आहोत.

सोलापूर हे गिरण्यांचे गाव. १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा गिरण्या उभ्या राहिल्या. भोंग्यावर गाव उठायचे आणि भोंग्यावर जेवायचे. त्या एकेक करून बंद पडल्या. पुरुष यंत्रमागावर गेले, रिक्षा चालवू लागले, हमाली करू लागले. घर चालवायला उरली ती विडी. पद्मशाली बाया आणि आमच्या मुसलमान बाया शेजारी शेजारी बसून विड्या वळत आल्या आहेत. या गावाची चूल कित्येक वर्षे त्यांच्या सुपावर पेटलेली आहे.

बाहेरच्यांना विडी वळणे सोपे वाटते. पान भिजवायचे, फडक्यात गुंडाळून मऊ करायचे, पत्र्याच्या मापाने कात्रीने कापायचे. सूप मांडीवर घ्यायचे. पानात तंबाखू भरून वळायचे, तोंड दुमडायचे, दोरा बांधायचा. पंचवीस-पंचवीसची जुडी करायची. हजार विड्यांना दिवस जातो. घरातल्या पोरींचे हात लागले तरच संध्याकाळी मान वर करता येते. मग ब्रँचला जाऊन माल द्यायचा. तिथे तो तपासला जातो. एखादी सैल, एखादी आखूड, एखाद्या पानाला भोक. नापसंत विड्या बाजूला काढतात. त्याला छाट म्हणतात. छाटीचे पैसे मिळत नाहीत. अम्मी ब्रँचवरून आली की तिच्या चेहऱ्यावरून आम्हाला कळायचे, आज छाट किती गेली. या छाटीची गोष्ट पुढे येईल.

ग्रॅच्युइटीचा कायदा १९७२ चा. पाच वर्षे सलग काम केलेल्या कामगाराला सोडताना दरवर्षामागे पंधरा दिवसांची मजुरी द्यायची, असा त्याचा साधा अर्थ. नगावर काम करणाऱ्याची रोजची मजुरी शेवटच्या तीन महिन्यांच्या सरासरीवर काढायची. अम्मीची सरासरी चोपन्न रुपये निघाली. पंधरा दिवसांचे ८१० रुपये. तिने सव्वीस वर्षे विड्या वळल्या होत्या, म्हणजे एकवीस हजार साठ रुपये. धाकट्याने हा हिशेब वहीच्या मागच्या पानावर केला आणि आम्ही सगळे त्या आकड्याकडे बघत बसलो. एवढी रक्कम एकत्र आमच्या घरात मधलीच्या लग्नातही आली नव्हती.

पण कार्ड काढून बघितले तेव्हा दुसरी गोष्ट समोर आली. अम्मीच्या नावाचे कार्ड सतराच वर्षांचे होते. त्याआधीची नऊ वर्षे तिने दादीच्या कार्डावर विड्या वळल्या होत्या. आमच्याकडे हे घरोघरी आहे. सून आली की ती सासूच्या कार्डावर बसते. सासूचे हात थकलेले असतात, ब्रँचला नवे कार्ड काढायचे नसते आणि घरात कुणाला त्यात वावगे वाटत नाही. कामाची नऊ वर्षे अशी दुसऱ्याच्या नावावर जमा होतात. शिवाय अम्मीचे नाव कार्डावर एक, रेशनकार्डावर दुसरे आणि मतदार यादीत तिसरे. एकात नावापुढे 'बी', एकात 'बेगम', एकात नुसतेच नाव. अम्मी हसून म्हणाली, "तीन तीन औरतां काम कर्‍यां, पैसा एक कोबी नै मिला."

आम्ही 'आय' नमुन्यातला अर्ज भरला आणि कारखान्याला रजिस्टर पोस्टाने पाठवला. एवढ्यापुरता वकील लागला नाही. नमुना युनियनच्या ऑफिसात मिळाला, भरायलाही त्यांनीच शिकवले. महिन्याभराने उत्तर आले. सदर महिला आमची कामगार नाही, ती आपल्या घरी आपल्या सोयीने काम करणारी स्वतंत्र कारागीर आहे, माल ठेकेदारामार्फत घेतला जात होता, सबब देणे लागत नाही. पत्रावर वकिलाची सही होती. भाषा इतकी गुळगुळीत होती की मधलीने ती दोनदा वाचली, तेव्हा कुठे कळले की अम्मीने सव्वीस वर्षे कुणासाठीच काम केले नव्हते.

आता पुढे काय? नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे 'एन' नमुन्यात अर्ज करायला नव्वद दिवस होते. त्या दिवसांत आमच्या घरी जेवढी माणसे आली, तेवढी ईदलाही येत नाहीत.

थोरला वकिलाच्या विरोधात होता. त्याचे कारण भित्रेपणाचे नव्हते. अब्बांची गिरणी बंद पडली तेव्हा त्यांचे देणे कागदोपत्री मान्य झाले होते. त्यासाठी अब्बा किती वर्षे फाइल घेऊन फिरले ते थोरल्याने पाहिले होते. दर तारखेला इस्त्रीचा सदरा, बसचे भाडे, रोज बुडालेला, आणि संध्याकाळी एकच वाक्य, "पुढची तारीख दिली." अब्बा गेले आणि फाइल राहिली. थोरल्याचे म्हणणे असे, की वकिलाला पाच हजार आधी द्यायचे, ते कर्ज काढून द्यायचे, आणि दहा वर्षांनी निकाल लागला तर घ्यायला अम्मी पाहिजे ना?

मधलीचे म्हणणे वेगळे होते. समोरच्याने वकील लावला आहे आणि आपण हात बांधून जायचे, ही कुठली नेकी? ती शाळेत मुलांना हक्क आणि कर्तव्ये शिकवते. घरी आल्यावर ते पान उलटून ठेवायचे का, असा तिचा सवाल होता. धाकटा रोज नवा कायदा वाचून यायचा आणि रोज मत बदलायचा.

मोहल्ल्यातले एक बुजुर्ग आले. माणूस चांगला, मशिदीच्या कामात पुढे. म्हणाले, मालकाशी आपली ओळख आहे, आठ हजारांत मिटवून देतो, वकिलाची भानगड कशाला? आठ हजार रोख, आणि एका पावतीवर अंगठा. पावतीवर लिहिलेले असणार की सर्व हिशेब पुरा झाला, पुढे मागणी नाही. मजुराच्या घामाबद्दलची हदीस आमच्या मशिदीत वर्षातून एकदा तरी सांगितली जाते. सगळे मान डोलावतात. पण ती मालकाच्या दारात जाऊन सांगायची वेळ आली की आपल्याला तडजोड आठवते. आम्ही त्यांना चहा दिला आणि विचार करून सांगतो म्हणालो. आठ हजार ही काही थट्टेची रक्कम नव्हती. त्या रात्री आम्ही तिघेही जागे होतो.

सगळ्यात अवघड गोष्ट खालाची होती. शेजारची ही खाला अम्मीबरोबर वीस वर्षे त्याच ब्रँचला माल देत होती. साक्ष द्यायची तर तीच देणार. पण तिची दोन मुले अजून शिकत होती आणि तिचे कार्ड चालू होते. ब्रँचला कुणाला थेट काढत नाहीत. खराब पान देतात. फाटके, वाळलेले, शिरा जाड असलेले पान दिले की हजारातली दोनशे विडी छाटीत जाते. बाई आपोआप थकते. आमच्या एकवीस हजारांसाठी खालाच्या चुलीवर पाणी ओतायचे का? या प्रश्नाला कायद्याच्या पुस्तकात उत्तर नव्हते.

कामगार कायदे करणाऱ्यांनाही वकिलाबद्दल शंकाच होती, हे आम्हाला त्या काळात कळले. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात तडजोडीच्या बैठकीला वकिलाला मनाई होती. कामगार न्यायालयातही समोरच्या पक्षाची संमती आणि न्यायालयाची परवानगी असेल तरच वकील उभा राहू शकत असे. हेतू चांगला होता. मालकाने मोठा वकील आणून कामगाराला चिरडू नये. पण मालकांनी वाट काढली. वकिली शिकलेला माणूस कंपनीचा अधिकारी म्हणून किंवा मालक संघटनेचा पदाधिकारी म्हणून आला तर त्याला या बंदीची अडचण नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने पारादीप बंदराच्या खटल्यात १९७६ साली सांगितले. म्हणजे दार दोघांना बंद आणि खिडकी एकालाच उघडी. कामगाराच्या बाजूने त्या खिडकीतून शिरायचे तर युनियन हवी. सोलापूरच्या विडी कामगार बायांना युनियनचे मोल म्हणूनच ठाऊक आहे. नरसय्या आडम मास्तरांच्या लाल बावट्याखाली याच बायांनी कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीची दहा हजार घरे उभी करून घेतली आणि २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती मिळवली. मोर्चाने घर मिळते. पण एका बाईच्या कार्डावरची सतरा वर्षे मोर्चाने मोजता येत नाहीत. तिथे कागद लागतो आणि कागद वाचणारा लागतो.

युनियनच्या माणसानेच आम्हाला जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाचा रस्ता दाखवला. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार बाईला, तिचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. औद्योगिक कामगारालाही मिळतो. अम्मी दोन्ही होती. साधा अर्ज, कार्डाची आणि रेशनकार्डाची प्रत, एवढ्यावर एक तरुण वकीलबाई मिळाल्या. थोरल्याला शंका होती की फुकटचा वकील फुकटाइतकेच काम करील. असे होतही असेल. आमच्या वाट्याला आलेल्या बाईंनी पहिल्याच भेटीत तासभर अम्मीला बोलते केले.

बाईंनी विचारले, "पान कुणाचे? तंबाखू कुणाची?"

"कारखान्याची."

"दोरा?"

"दोरा आपला."

"विडी किती लांब पाहिजे, ते कोण सांगायचे?"

"तेच. माप त्यांचेच."

"आणि विडी पसंत पडली नाही तर?"

अम्मी गप्प झाली. मग म्हणाली, "छाट."

बाईंनी पेन खाली ठेवले. त्यांनी सांगितले, की घरी बसून विडी वळणारी बाई कारखान्याची कामगार आहे की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आला आहे. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरखेप कामगाराला कामगार मानले, आणि मालकांचे आक्षेप १९७४ साली न्यायालयाने फेटाळून तो कायदा कायम ठेवला. पुढे १९८५ साली पी. एम. पटेल अँड सन्सच्या खटल्यात भविष्य निर्वाह निधीच्या संदर्भात न्यायालय म्हणाले, की मालक शेजारी उभा राहून देखरेख करत नसला तरी माल नापसंत करण्याचा अधिकार त्याच्याकडे आहे, आणि तो अधिकार हीच देखरेख. कारागीर स्वतंत्र असता तर त्याची विडी दुसरा छाटतो कशी?

आम्ही एकमेकांकडे बघितले. ज्या छाटीने अम्मीला सव्वीस वर्षे रडवले, तीच आता तिच्या बाजूने साक्ष देणार होती. हे आम्हाला कधीच सुचले नसते. आमच्या लेखी छाट हा अपमान होता. कायद्याच्या नजरेत तो पुरावा होता. वकील कशासाठी लावायचा, हे आम्हाला त्या टेबलाशी कळले. बोलता अम्मीलाही येते. पण आपल्याच आयुष्यातली कुठली गोष्ट कायद्याच्या कामाची आहे, हे ओळखायला जाणकार लागतो.

त्याच बाईंनी दुसरी गोष्टही सांगितली, ती कडू होती. दादीच्या कार्डावरच्या नऊ वर्षांचा पुरावा नाही. ती मागायला गेलो तर समोरचा वकील म्हणेल, ही बाई दुसरीच्या नावावर काम करत होती, आणि उरलेल्या सतरा वर्षांवरही चिखल उडवील. सतराच मागा. तेरा हजार सातशे सत्तर. मधली चिडली. ती नऊ वर्षे कुठे गेली? बाई म्हणाल्या, "गेली नाहीत, पण मला दाखवता येणार नाहीत."

घरी येऊन आम्ही पुन्हा बसलो. थोरला म्हणाला, निर्णय आपण कशाला घेतो आहोत? विड्या कुणी वळल्या? तोवर तीन महिने अम्मीला कुणी नीट विचारलेच नव्हते. सगळे तिच्यासाठी बोलत होते. अम्मीचा प्रश्न एकच होता. "वकील बोलेगी तो मैं क्या मुंडी हिलाते बैठूँ?" साक्ष तुलाच द्यायची आहे, असे समजावल्यावर ती तयार झाली. खालाचे काय, तर ती म्हणाली, मी तिला विचारते, तुम्ही विचारायचे नाही. दोघी आतल्या खोलीत तासभर बसल्या. काय बोलल्या ते आम्हाला आजही माहीत नाही. बाहेर येऊन खाला एवढेच म्हणाली, की आज हिची पाळी आहे, पाच वर्षांनी माझी आहे.

एप्रिल २००९ मध्ये अर्ज केला. सुनावणीत अम्मीने विडीचे माप बोटावर दाखवले. छाटीचे काय व्हायचे, असे विचारल्यावर तिने सांगितले, की छाटलेली विडीही परत मिळायची नाही. खालानेही तेच सांगितले. कारखान्याने ठेकेदार पुढे केला, तो एका तारखेला आला आणि दुसऱ्या तारखेला आला नाही. मार्च २०११ मध्ये निकाल अम्मीच्या बाजूने लागला. व्याजासकट सोळा हजारांच्या वर रक्कम झाली. त्या कायद्यात अपील करायचे तर मालकाला आधी पूर्ण रक्कम जमा करावी लागे. न दिल्यास जिल्हाधिकाऱ्यामार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होई. कारखान्याने अपील केले नाही.

खालाला चार महिने खराब पान मिळाले. अम्मीने आलेल्या रकमेतले तीन हजार तिच्या उशाखाली ठेवले. खालाने ते परत आणून दिले, अम्मीने पुन्हा नेऊन ठेवले. शेवटी त्यातून खालाच्या मुलाची बारावीची फी भरली गेली. त्या गल्लीतल्या आणखी सात बायांनी पुढच्या दोन वर्षांत 'आय' नमुना भरला. आठ हजारांची तडजोड आणणाऱ्या बुजुर्गांच्या सूनबाई त्यांतल्या एक.

या सगळ्याला आता बरीच वर्षे झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा औद्योगिक संबंध संहितेत, आणि १९६६ चा विडी कायदाही वेगळा राहिला नाही. कलमांचे आकडे आणि काही मुदती बदलल्या आहेत, म्हणून आमच्या जुन्या कागदांवर कुणी विसंबू नये. विधी सेवा प्राधिकरणात किंवा युनियनमध्ये जाऊन आजचे विचारावे. सगळीकडे वकील चालतोच असेही नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या तक्रारीत, २०१३ च्या कायद्याखालच्या समितीपुढे कुठल्याच बाजूला वकील उभा करता येत नाही, आणि तक्रार तीन महिन्यांत द्यावी लागते. तिथे वकिलाचा सल्ला घ्यायचा तो अर्ज लिहिण्याआधी, घरी.

कुणी विचारले तर आम्ही 'वकील लावा' असेही म्हणत नाही आणि 'लावू नका' असेही म्हणत नाही. आधी मुदत किती ते बघा. कागद कुठले आहेत ते बघा. समोरच्याने आपल्याला कामगार म्हणूनच नाकारले असेल तर जाणकाराशिवाय जाऊ नका. आणि साक्षीदाराच्या घरी दुसऱ्या दिवशी चूल पेटेल ना, हेही बघा, कारण ते कुठलाच वकील बघणार नाही.

सोलापुरात पार्क चौकाजवळ चार हुतात्म्यांचे पुतळे आहेत. १९३० च्या मार्शल लॉनंतर १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी गेलेल्या त्या चौघांत मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांच्याबरोबर कुर्बान हुसेन आहेत. ते गिरणी कामगारांत काम करायचे आणि 'गझनफर' नावाचे पत्र चालवायचे. दर जानेवारीत आपण त्यांचे नाव अभिमानाने घेतो. घ्यायलाच हवे. पण कामगारांमध्ये उभ्या राहिलेल्या त्या पोराची आठवण हाराबरोबर संपू नये. आपल्या घरातल्या बाईचे कार्ड तिच्याच नावावर आहे का, त्यावर तिचे नाव बरोबर लिहिले आहे का, एवढे आपण आज संध्याकाळी कपाट उघडून बघू शकतो. अम्मीच्या नऊ वर्षांची भरपाई कुणीच करू शकले नाही. आमच्या थोरल्याच्या बायकोचे कार्ड मात्र लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात निघाले. ब्रँचला अम्मी स्वतः गेली होती, आणि नावातले एकेक अक्षर तिने कारकुनाकडून दोनदा वाचून घेतले.